रिकाम्या झोळीचं वजन

"नीलम, रिकामी झोळी हलवू नगं. लेकरू उचललं की दोरी सोडायची."

झोळी बांधली त्याच दिवशी सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, तिला बजावलं होतं.

नीलम हसली होती. "आत्या, कापडाला काय कळतंय आत कोण आहे ते?"

 शेवंताबाईंनी दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

आता पुढचं वाचून तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, पण हे घडलेलं आहे. नीलम माझी कॉलेजची मैत्रीण. तिनं हे मला समोर बसून सांगितलं, आणि सांगत होती तोवर माझ्या बाळाला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. न्हावरे गावाच्या पुढं उसात त्यांची वस्ती आहे, तिथं.

घर नवंकोरं, स्लॅबचं. हॉलच्या स्लॅबला लोखंडी कडी. कडीला शेवंताबाईंच्या जुन्या नऊवारीची झोळी, आणि झोळीत नीलमचा पहिला मुलगा, माऊली. अजून रांगायलाही लागला नव्हता.

कांदा निघालेला. नीलम पडवीत बसून कांदा निवडायची. झोळीची दोरी खिडकीतून बाहेर काढून तिनं पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. हात कांद्यात, पाय दोरीत. आमच्याकडं कितीतरी बाया अशीच लेकरं झोपवतात. आत बघायची गरजच पडत नाही. लेकरू आहे की नाही, ते दोरीलाच कळतं.

नीलमलाही तसंच वाटायचं.

त्या दुपारी वारा पडला होता. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. नीलम कांदे टाकत होती आणि अंगठा आपोआप ओढत होता. दोरीला नेहमीचा ताण होता. कडी नेहमीसारखी कुरकुरत होती.

आणि शेवंताबाई गोठ्यामागून आल्या…

कडेवर माऊली.

"का गं, कुणाला झोपवतीयास?"

नीलमचा पाय थांबला.

"तुम्ही… तुम्ही याला कधी उचललं?"

"कवाचं! तू पाणी प्यायला गेलतीस तवा. रडत हुतं, गाय दाखवाया नेलं."

नीलमनं उठून खिडकीतून आत बघितलं. झोळी रिकामी. पातळ, सुरकुतलेली, सरळ खाली लोंबणारी.

पण दोरीला तर वजन होतं…

मग तिनं स्वतःची समजूत घातली. आमचा दोघींचा विषय मानसशास्त्र. शरीराकडून मेंदूला नुसती खबर जाते, तिचा अर्थ मेंदू लावतो, आणि खबर अर्धवट असली की राहिलेलं आपल्या पदरचं भरतो, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. आपल्याला वजन अपेक्षित होतं, म्हणून वजन लागलं. एवढंच.

"आता तरी सोड ती दोरी," शेवंताबाई म्हणाल्या. 

नीलमनं दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधली. कांदा पडून राहिला असता.

त्यानंतर माऊली शहाणा झाला.

असंच सगळे म्हणायचे. रडणं कमी झालं. झोळीत टाकला की गप. मग भूक लागली तरी गप. दुपार दुपार आतून आवाज नाही. पाखरंसुद्धा घराच्या त्या बाजूला बसेनाशी झाली, पण ते नीलमच्या लक्षात आलं नाही. जे नसतं, ते कानाला कसं कळणार?

केडगावला तिची थोरली बहीण सुलक्षणा असते. अंगणवाडीत आहे. तिला नीलम फोनवर कौतुकानं सांगायची, "ताई, पोरगं काय भरलंय गं अंगानं! झोळी ओढून अंगठा सुजतो माझा."

"मग येतेच बघायला. माझ्या काट्यावर जोखते त्या पैलवानाला," सुलक्षणा म्हणाली.

ती आली तीही दुपारीच. खांद्यावर पिशवी, पिशवीत लेकरांचं वजन करायचा ताणकाटा. चप्पल काढता काढता हाक मारली, "कुठाय माझा पैलवान?"

नीलम त्या दिवशी उन्हामुळं आत हॉलमध्येच कांदा निवडत बसली होती. तिनं उठून माऊलीला झोळीतून काढून ताईच्या हातात दिलं.

सुलक्षणाचं हसू तिथंच थिजलं.

"नीलम… याला काय झालंय?"

"कुठं काय?"

"डोळे फुटले का तुझे? अगं, बरगड्या मोजून घे पोराच्या!"

नीलम चिडली. "काहीतरीच काय ताई! रोज माझ्या डोळ्यासमोर आहे तो."

"म्हणूनच!" सुलक्षणा ओरडली. तिनं फोन काढला, बारशातला माऊलीचा फोटो काढून नीलमच्या नाकासमोर धरला. "हे बघ आन् हे बघ!"

नीलमनं फोटो बघितला. मग माऊली बघितला.

आणि मग तिला दिसलं.

गळ्याची हाडं. काडीसारखे हात. कातडी सैल, म्हाताऱ्या माणसासारखी.

 ती सांगते, त्या क्षणी तिला आमच्या कॉलेजातल्या सरांची पिशवी आठवली. सरांनी वर्गात तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून हातात पिशवी दिली होती आणि तीत थोडे थोडे शेंगदाणे टाकत गेले होते. ही म्हणत राहिली, "सर, काहीच फरक नाही." रुमाल सोडला तेव्हा पिशवी भरत आली होती. बदल पुरेसा हळू केला की माणसाला तो कळतच नाही, सर म्हणाले होते. सगळा वर्ग हसला होता.

"पण ताई," नीलम हळूच म्हणाली, "झोळी तर जड होत चाललीये…"



सुलक्षणा कामाची बाई. भुताखेतावर तिचा विश्वास नाही. तिनं ताणकाटा कडीला अडकवला, काट्याला झोळी टांगली आणि माऊलीला आत ठेवलं. काटा झर्रकन खाली गेला. इतका खाली, की सुलक्षणानं तबकडीवर बोट आपटून बघितलं.

"काटा बिघडलाय. एवढा जड असणं शक्यच न्हाई. बाहेर काढ त्याला, परत लावते."

नीलमनं माऊलीला उचलून सुलक्षणाच्या हातात दिलं.

काटा हलला नाही.

झोळी रिकामी होती. दोघींना दिसत होती. पण तिचा तळ ताणलेला होता… दगड ठेवल्यासारखा.

मग काटा हलला.

खाली. आणखी खाली.

कुणीतरी आत नीट बसून घेतल्यासारखा.

पंखा बंद होता. वारा नव्हता. तरी झोळी हलायला लागली. आधी इकडून तिकडं. मग तिनं दिशा बदलली. सुलक्षणा माऊलीला घेऊन दाराकडं सरकली… झोळी दाराकडं झुलायला लागली. ती भिंतीकडं सरकली… झोळी भिंतीकडं.

प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा जवळ येत होता.

आणि इतके दिवस गप असलेला माऊली किंचाळला.

"पळ ताई!"

नीलम वळली, आणि तेव्हा तिला आठवलं की दोरी अजून अंगठ्याला आहे.

दोरी झोळीच्या आतून ओढली गेली.

ती तोंडावर पडली. उंबऱ्यावर कपाळ आपटलं. दोरी तिला ओढत होती, सावकाश, एका लयीत. ती जशी रोज झोळीला ओढायची… तशीच. ओढायची, सैल सोडायची. ओढायची, सैल सोडायची. फरशीवर तिची नखं करकरत गेली.

शेवंताबाई विळा घेऊन धावत आल्या. एका घावात दोरी तोडली.

"उठ! घिऊन जा त्याला! म्होरच्या दारानं जा, मागं बघू नगं!"

"आत्या, तुम्ही पण चला!"

"मी न्हाई." शेवंताबाई झोळीपाशी गेल्या. तुटलेल्या दोरीचं टोक त्यांनी हाताला गुंडाळलं. "हलवायचं थांबलं की आत बसल्याली ती लेकराला हुडकीत येईल. सवय तूच लावलीस तिला. आता कुणीतरी हलवाया पायजे."

"अहो आत्या, काहीही काय…"

"जा म्हनती ना मी!"

आणि त्या हलवायला लागल्या.

सुलक्षणानं नीलमला दंडाला धरून बाहेर काढलं. रस्त्यावर एक टेम्पो मिळाला. वस्ती दिसेनाशी होईपर्यंत माऊली रडत होता, आणि ते रडणं ऐकून नीलम हमसून हमसून रडत होती.

केडगावला त्याला दवाखान्यात नेलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, दूध कमी पडलं असेल. महिनाभरात माऊली अंगानं भरला. आता चालतो. दिवसाआड त्याचा फोटो मला येतो आणि मी तो आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघते. माझ्या बाळाचंही मी तसंच करते. नवरा हसतो. हसू दे.

नीलम परत गेलेली नाही. ताणकाटा अजून तिथंच टांगलेला आहे.

शेवंताबाईही तिथंच आहेत.

नीलमचा नवरा, सत्यजीत, कंपनीतून सुटला की घरी जातो. आईच्या हातचं जेवतो. "आई, चल केडगावला," असं त्यानं कितीदा म्हटलं, त्या येत नाहीत. दुपार झाली की झोळीपाशी बसतात, त्या जागेवरून उठत नाहीत. नीलमनं व्हिडिओ कॉल लावला की फोनमध्ये नुसता स्लॅब दिसतो. "आईला फोन नीट धरता येत न्हाई," तो म्हणतो. शेवंताबाईंचा आवाज येतो फक्त, "माऊली बरा हाय न्हवं?" आणि त्यामागं कडीची कुरकुर.

"पण आत्या कशा दिसतात रे?" नीलम विचारते.

"हाय तशी हाय. ठणठणीत. मी रोज बघतो की."

रोज बघतो.

म्हणूनच मी हे लिहिलंय. मी स्वतः गेले असते, पण माझं बाळ अजून पाळण्यात आहे. माझं धाडस होत नाही.

तुमच्यापैकी कुणी शिरूरकडचं असेल, न्हावऱ्यावरून जाणं होत असेल, तर त्या वस्तीवर जरा थांबा. आत जाऊ नका. पडवीतूनच हाक मारा, शेवंताबाईंना डोळे भरून बघा आणि त्या कशा दिसतात तेवढं मला कळवा.

फक्त, ज्यानं त्यांना अलीकडं पाहिलेलं नाही, अशानंच जावं.