तिच्या डोक्यात त्याचं बोलणं

खरं तर त्या दिवशी तिची ड्युटी नव्हतीच. मैत्रिणीला बरं नव्हतं म्हणून तिच्या जागी ती स्कॅनच्या खोलीत आली, आणि समोर हा – रेडिओवर बातम्या वाचणारा, तोंडाचा पट्टा अखंड चालू!

"हसू नका हं. डोकं हललं की चित्र पुसट येतं."

"मग तुम्ही इतका गंभीर चेहरा करू नका ना... त्यानंच हसू येतंय."

त्याच्या मेंदूत, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून, एक गाठ होती. मशीनमध्ये पडून त्यानं मनातल्या मनात शब्द जुळवायचे. तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होईल, तो ती केशरी ठिपक्यांनी त्याच्याच मेंदूच्या चित्रावर मांडणार. तो नकाशा पाहून डॉक्टर ठरवणार, सुरी कुठे लावायची नाही. ठिपका जरा चुकला, तर हा आवाज कायमचा बंद.

संध्याकाळी तिनं नकाशा जुळवला आणि ती पडद्याजवळ वाकली. एक केशरी ठिपका मेंदूच्या काठाबाहेर लोंबत होता! नीट पाहिलं, तर खालचा करडा मेंदू त्याचा नव्हताच. तो तिचाच होता. सकाळी मशीन तपासायला नेहमीसारखी ती स्वतःच आत पडली होती, आणि घाईत तेच चित्र उचललं गेलं होतं.

तिनं चूक सुधारली, नवा नकाशा दुसऱ्याकडून तपासून घेतला. पण त्याला सांगितल्याशिवाय चैन पडेना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती वॉर्डात गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझं बोलणं... तुमच्या डोक्यात होतं?"

"थोडाच वेळ. रागावलात?"

तो पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "ते चित्र पुसू नका. उद्या माझ्याकडचं बोलणं गेलं... तर तुमच्याकडे तरी राहील."

ती घाईनं वॉर्डाबाहेर पडली.

ऑपरेशननंतर तो बोललाच नाही. सूज उतरली की बोलेल, डॉक्टर म्हणत. ती रोज दुपारी त्याच्या खाटेशी बसायची, आणि जन्मात बोलली नसेल तेवढं बोलायची. एका दुपारी तिचेही शब्द संपले. डोळे भरून आले. तेव्हा त्याचे ओठ हलले.

"तुमच्या डोक्यात... अजून... जागा आहे?"

"आहे की," ती रडता रडता हसली. "तुमच्याशिवाय कोण राहतंय तिथे?"

किती वर्षं झाली त्याला! आता घरात सकाळपासून त्याचा पट्टा चालू असतो. 'जरा श्वास तरी घे रे,' म्हणून ती करवादते, आणि तो पलीकडच्या खोलीत गेला की तिला करमत नाही. ते चुकलेलं चित्र जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर चौकटीत लटकतंय. पाहुणे विचारतात, "हा मेंदू कुणाचा?"

दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.