ओट्याच्या आतले तीन ठोके

ज्याला पटायचं त्याला पटेल. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

पाहुण्यारावळ्यांना सांगितलं, तर त्यांनी आधी माझ्या तोंडाला वास येतोय का ते पाहिलं. म्हणून आता इथं लिहितोय. यातला एकही शब्द माझ्या मनचा नाही.

आणि हो, ही गोष्ट रात्रीची नाही. वाईट व्हायला अंधारच लागतो असं कुणी सांगितलं?

परभणी जिल्हा. पोखर्णीहून आत गेलं की माझ्या मामाचं गाव लागतं. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

वेळ पक्की आहे, कारण ती माझ्या ड्रोनच्या व्हिडिओवर आहे.

मी योगीराज. शेतात औषध फवारायचा ड्रोन चालवतो. हंगामात मुक्काम मामाकडेच असतो. मामा सटवाजी शेती करून गवंडीकाम करणारा. मामी धुरपताबाई. आणि त्यांची एकुलती एक राजनंदिनी.

नंदीशी माझं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं की आमचं.

ती परभणीला नर्सिंग शिकायची. रोज स्कूटीवर जाणं-येणं. संध्याकाळी पाच चाळीसला फाटकात स्कूटी यायची. स्टँडचा खाडकन आवाज. मग दारावर तीन टकटक. दार सताड उघडं असलं तरी वाजवायची.

"लांब बस," मला म्हणायची. "औषधाचा वास मारायलाय तुझा. वरातीत घोडी पळून जाईल."

त्या टकटकीची मी दिवसभर वाट बघायचो. आज सांगायला लाज कसली?

अमावस्येच्या आधीचे चार दिवस मी एक गोष्ट रोज बघत होतो.

भर बाराला आभाळात काहीतरी मोठं यायचं. आवाज अजिबात नाही. ढग नाही, पण सावली शेतावरून सरकायची... कापसाची एकेक ओळ काळी पडत जायची.

त्या मोठ्याच्या पोटाला एक लहान चिकटलेलं असायचं. मधेच ते सुटायचं. क्षणभर खाली पडायचं, आणि मग सरळ वर... वर... दिसेनासं व्हायचं.

मोठं तिथंच थांबून राहायचं.

थोड्या वेळानं लहान परत यायचं. मोठ्याच्या पोटाखाली जाऊन चिकटायचं. मग दोघं निघून जायची.

दुसऱ्या दिवशी तेच लहान, पुन्हा.

मला धंद्यामुळं लगेच कळलं. आपण ड्रोन उडवतो, उतरवतो, टाकी भरून पुन्हा उडवतो, तसंच हे. फक्त त्यांचं लहान जमिनीवरून उडत नव्हतं, आईच्या पोटावरून उडत होतं. आणि जात होतं ते आभाळाच्याही पार.

नंदीला व्हिडिओ दाखवला.

"ही आपल्याकडची न्हाईत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"आपली असती तर रोज इतक्या टायमावर आली असती का?"

आम्ही खूप हसलो. शेवटचं तेच.

अमावस्येला लहान परत आलं... पण वाकडं. मोठ्याच्या पोटापर्यंत पोचलं, चिकटलं नाही. पुन्हा गेलं. पुन्हा निसटलं.

मग खाली आलं. मामाच्या विहिरीशेजारी, ओल्या मातीत अर्धं रुतून बसलं. मोठं जरा घुटमळलं आणि रोजच्या टायमाला निघून गेलं.

पाण्याच्या आडव्या टाकीएवढं होतं. काळपट, गुळगुळीत. दार नाही, खिडकी नाही. पण सगळ्या अंगावर ओळीनं हाताचे पंजे उमटलेले. शेकडो.

चार बोटांचे.

खालच्या ओळीतले पंजे तान्ह्या लेकराच्या हाताएवढे. वर जाऊ तसे मोठे होत गेलेले. शेवटचा पंजा चांगल्या जाणत्या बाईच्या हाताएवढा.

नंदी वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"योगी, हा एकच हात हाय," ती म्हणाली. "लहानपणापासूनचा. दर फेरीला एक पंजा. त्यांच्यात तान्हं असतानाच आत बसवत असतील... जन्मभर तीच फेरी."

तोवर अर्धं गाव जमलं होतं.

आता तुम्हीच सांगा. विहिरीचा काठ, अमावस्या, उद्या घट बसायचे, आणि आभाळातून उतरलेल्या दगडावर हाताचे पंजे. आमच्याकडं याचा एकच अर्थ होतो, पाण्यातल्या देवी. म्हाताऱ्या सरजाबाईनं पदर पसरून डोकं टेकवलं.

"आसरा आल्या गं बाई. पाण्यावर आल्या."

मग शेंदूर आला, तेल आलं. बघता बघता ते सगळं लालभडक झालं. देवीला उघड्यावर कसं ठेवायचं, म्हणून ओटा बांधायचं ठरलं. गवंडी घरचाच. मामानं दिवस मावळायच्या आत चहूबाजूंनी वीट आणि सिमेंट चढवलं, वर स्लॅब टाकला. दर्शनाला तेवढा शेवटचा पंजा उघडा ठेवला.

घमेली मीच उचलून दिली.

घटस्थापनेच्या दिवशी आरती चालू होती. मधेच हलगीवाला थांबला.

ठक... ठक... ठक.

आवाज ओट्याच्या आतून आला होता.

गाव वेडं झालं. देवी जागृत! बायांच्या अंगात आलं. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं यायला लागली. आरती सुरू झाली की आतून ठोके यायचे, आणि ठोक्यांवर लोक टाळ्या धरायचे.

दुसऱ्या माळेला दुपारी मी ओट्याला कान लावला. ठोक्यांच्या मधे आणखी एक आवाज होता... खरवडल्यासारखा. नखांनी.

मी मामाकडं पळत गेलो.

"मामा, आत कुनीतरी हाय."

मामा हसला. "हायच की रे. देवी हाय."

नंदीनं काय केलं सांगतो. तिनं त्या उघड्या पंजावर आपला हात ठेवला. दुसऱ्या हातानं तीनदा वाजवलं, आमच्या दारावर वाजवायची तसंच.

आतून तीन ठोके आले.

तिनं दोन वाजवले. आतून दोन आले.

तिचे डोळे भरले. "योगी, ही मरायलीय आत. फोडा हे."

घरात येऊन तिनं घण उचलला. मामीनं तिला कमरेला धरून ओढलं, बाहेर कुणाला सांगेल म्हणून मामानं स्कूटीची चावी काढून घेतली. "देवीवर घण उचलतीस? आगं, गाव जितं ठेवील का आपल्याला?"

ती माझ्याकडं बघत होती. मी एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. पण समोर होणारा सासरा होता, दारात गाव होतं.

मी म्हणालो, "दसरा होऊ दे... मग बघू."

"तुला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुला म्हाईत हाय आन तरी तू गप हायस."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

गाव ओट्याकडं बघत होतं. वर काय चाललं होतं, ते फक्त मी आणि नंदी बघत होतो. रोज बाराला ती मोठी सावली यायची. गावावरून फिरायची, शेतांवरून फिरायची, नदीपर्यंत जाऊन परत फिरायची.

शोधत होती.

सिमेंटखालचं तिला दिसत नसावं. की ऐकू येत नसावं. मला माहीत नाही.

सातव्या माळेला ठोके मंद झाले. आठव्याला दोनच आले. नवव्याला एक... बऱ्याच वेळानं.

दसऱ्याला काहीच नाही.

"देवी शांत झाली," सगळे म्हणाले. उघडा पंजाही मामानं सिमेंटनं लिंपून टाकला, आणि सगळे एकमेकांना सोनं वाटायला लागले. मी आपट्याचं पान घेऊन नंदीपुढं हात केला. तिनं माझ्या हातातलं सोनं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला सावली आली, आणि नेमकी ओट्यावर थांबली.

तासभर हलली नाही. झाडावरची पाखरं गप्प. कोंबड्या जिथल्या तिथं बसून राहिल्या. विहिरीची मोटार आपोआप बंद पडली.

मग वरून आवाज आला. आभाळातून.

ठक... ठक... ठक.

खालून उत्तर आलं नाही.

सावली निघून गेली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, सुटलो.

त्याच संध्याकाळी मामाची गुरं परत आली. म्हणजे... घुंगरं आली. गल्लीतून, फाटकातून, पार गोठ्यापर्यंत. मामी दावी घेऊन उठली.

गोठ्यात एकही जनावर नव्हतं. घुंगरांचा आवाज मात्र तिच्यासमोर येऊन थांबला.

गुराखी मुंजाजी मागून रडत आला. "मालक, एकच्या पुढं रानात सावली पडली आन माझ्या डोळ्यादेखत सात गुरं गेली."

मग बाराच्या सावलीत माझा ड्रोन गेला. मी माघारी यायचं बटण दाबलं. पंख्यांचा आवाज आला, डोक्यावर आला, समोर उतरला. मातीचा फुफाटा उडाला.

ड्रोन नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वरच्या आईचं जे गेलं ते परत आलं नव्हतं. आता आमचंही जे जाईल ते परत येणार नव्हतं. नुसतं परत येणं तेवढं ऐकू येणार होतं, आम्हाला जाळायला.

मी मामाला म्हणालो, नंदीला घराबाहेर सोडू नका. मामानं पहिल्यांदाच माझं ऐकलं. पण तिची परीक्षा होती, म्हणून चावी द्यावी लागली. कोजागिरीला, मी रानात असताना, ती सकाळीच निघून गेली.

पाच चाळीसला फाटकात स्कूटी आली.

स्टँड. खाडकन.

मी उठलो. असा जीव भांड्यात पडला माझा...

टक... टक... टक.

"उघडंच हाय की गं!" मामी चुलीपुढून ओरडली.

दारात कुणी नव्हतं. फाटकातही नव्हतं. स्कूटीसुद्धा नव्हती.

स्कूटी विहिरीजवळ सापडली. चावी तिलाच, हेल्मेट सीटवर. ती परभणीला गेलीच नव्हती. पायाशी आमच्या घरचा घण पडला होता. ओट्यावर एक टवका तेवढा उडालेला.

म्हणजे ती फोडायला आली होती. मेलेल्याला तरी बाहेर काढायला. सगळ्या गावात एकटी तीच. आणि घड्याळात तेव्हा बारा वाजले असतील.

सूडच उगवायचा होता तर आम्ही होतो की! सिमेंट मामानं चढवलं, घमेली मी दिली, गप्प मी बसलो. मग तिला का? आता कळतं. त्या वरच्या आईनं लेकीच्या बदल्यात लेक नेली. तिला आमच्यातली चांगली-वाईट निवडायची नव्हती.

विहीर उपसली. काही नाही. तिसऱ्या दिवशी मामानं स्वतःच्या हातानं ओटा फोडला.

आत काहीच नव्हतं.

सगळं सिमेंट शाबूत, आणि आत नुसती पोकळी. आतल्या भिंतीवर त्या पंजांचे ठसे ओळीनं उमटलेले. तान्ह्यापासून जाणत्यापर्यंत. शेवटच्या ठशाच्या आजूबाजूला नखांनी खरवडलेलं.

आणि त्याच्यापुढं आणखी एक पंजा... पाच बोटांचा.

त्याची करंगळी वाकडी होती.

नंदीची करंगळी लहानपणी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये सापडली होती. मामीनं त्या ठशावर हात ठेवला आणि जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. सिमेंट वाळून केव्हाच दगड झालेलं होतं. त्यात हात कसा उमटला, हे मला विचारू नका.

आता रोज बाराला मोठं येतं. पोटापासून लहान सुटतं, वर जातं, परत येऊन चिकटतं. नेम एकदाही चुकत नाही.

मी नवा कॅमेरा आणून जवळून बघितलं. लहानाच्या अंगावरचे जुने पंजे पुसलेत. एकच नवी ओळ आहे. रोज एक पंजा वाढतो.

पाच बोटांचा.

मामा बाराला फुटक्या ओट्यावर उभा राहतो आणि गोफणीनं आभाळात धोंडे फेकतो. "खाली ये," म्हणतो. "मला ने. मी बांधला वटा. मला ने!" धोंडे त्याच्याच शेतात पडतात.

मी गाव सोडलं नाही. पाच चाळीसला मला घरात असावं लागतं.

कारण रोज स्कूटी येते. स्टँड लागतं. तीन टकटक होते. दार उघडलं की कुणी नसतं, म्हणून आता आम्ही ते लावूनच ठेवतो.

गेल्या सोमवारी मला राहवलं नाही. मी आतून दाराला हात लावला आणि तीनदा वाजवलं.

बाहेरून तीन ठोके आले.

मी दोन वाजवले. दोन आले.

दाराला तोंड लावून मी म्हणालो, "नंदे... कधी येशील?"

खरवडल्याचा आवाज आला... दाराच्या पलीकडून, नखांनी.

आणि मग उत्तर आलं. ते नंदीच्या आवाजात नव्हतं.

माझ्याच आवाजात होतं.

"दसरा होऊ दे... मग बघू."

यंदाच्या दसऱ्याला अजून बावीस दिवस आहेत.