बाबांचं स्टूल

त्या दिवशी माझं काम साधंच होतं. साहेबाच्या जुन्या केबिनचा ताबा घ्यायचा आणि रजिस्टरवर सही करायची. बोथकडच्या या कचेरीत माझे बाबा, दौलत, एकतीस वर्षं अटेंडर होते. दाराबाहेर त्यांचं स्टूल, आत साहेबाच्या टेबलावर पितळी घंटी. ती वाजली की बाबा उभे.

सवय इतकी हाडात मुरली की घरी जेवताना रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी ते ताटावरून उठायचे.

"बाबा, काऊन उठले?" मी विचारायची.

ते हातातल्या घासाकडं बघायचे. "उठलो का मी...?"

मला साहेबाचा राग यायचा, आणि खरं सांगते, बाबांचाही. छातीत कळ येते म्हणून डॉक्टरनं त्यांना बसून राहायला सांगितलं होतं. साहेबाला ते ठाऊक होतं. तरी एका दुपारी त्यानं तीनदा घंटी दाबली. खिडकी लावायला, तीच उघडायला, मग पाण्याला. तिसऱ्या वेळी बाबा बशीनं झाकलेला ग्लास घेऊन उंबऱ्यातच कोसळले आणि गेले. त्या माणसाला साधी नोटीसही निघाली नाही. निवृत्त झाला, सुखानं मेला.

बाबांच्या जागी मला कारकुनी मिळाली आणि बारा वर्षांनी साहेबाची तीच खुर्ची. पहिल्याच दुपारी वीज गेली. पंखा थांबला, जुन्या कागदांचा कुबट वास दाटला. फाईल ओढताना माझं कोपर घंटीवर पडलं.

बाहेर स्टूल सरकलं.

आताची अटेंडर रुपा माझ्यासमोरच फायली बांधत होती. "मॅडम... बाहेर तं कोनीच नाई."

मग चपला आल्या, बाबांसारखाच डावा पाय घासत, उंबऱ्यापर्यंत. तिथं थांबल्या. बाबांच्या खोबरेल तेलाचा वास आला.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मेल्यावरही माझ्या बापाला बसू देत नाहीत हे लोक. "बसा बाबा," मी म्हणाले. "आता तुमाले कोनी नाई उठवनार..."

स्टूल परत सरकलं नाही. मी घंटी उचलली आणि संध्याकाळी घरी जाताना साहेबाला शिव्या घालत पुलावरून नाल्यात फेकली.

दुसऱ्या दुपारी दार लोटून एकटीच काम करत होते. घंटी वाजली.

बाहेर काहीच हललं नाही. बाबा अखेर बसले, म्हणून मला बरं वाटलं.

मग लक्षात आलं, मी उभी आहे. टेबलाच्या अलीकडं, माझ्याच रिकाम्या खुर्चीसमोर, मान खाली घालून. हातात बशीनं झाकलेला ग्लास. खुर्ची किंचित मागं रेलली.

शिवी द्यायला मी तोंड उघडलं. त्यातून निघालं, "जी, साहेब..."