झिंजच्या गल्लीतला राखणदार

दत्ताराम भावजींना झिंज सोडून मआमीरला, कारखान्यांच्या वस्तीत, जाऊन काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. कंपनीची फुकट खोली. शेजारी सगळे गाववाले. सुट्टीच्या दिवशी पत्ते. आणि बायको नजरेसमोर.

माझ्या बहिणीला, शेवंतीअक्काला, काय मिळणार होतं?

चार भिंती आणि कारखान्याचा वास.

तुम्हाला पटो न पटो, यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. १९७८ चा ऑगस्ट. बहरीन, झिंजमधली एक गल्ली. आणि वेळ रात्रीची नव्हे...

टळटळीत दुपारची.

भावजी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. अक्का ब्लाऊज शिवायची आणि घरोघर पोचवायची. झिंजची खोली तिनेच निवडली. वाणी चालत जाण्याच्या अंतरावर, डॉक्टर चालत, गिऱ्हाइकं चालत. "कोणाच्या गाडीची वाट बघूक नको," म्हणाली. भाडं ऐकून भावजींनी कपाळाला हात लावला.

"आणि एकट्या बायलमाणसाक काय झाला तर?"

त्याची सोय अक्काने आपल्या पद्धतीने केली. आमच्याकडे गावाला राखणदार असतो. तो शिवेवर फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहायच्या. वर्षाने बघाव्या तर तळ झिजलेले. मीही बहरीनलाच नोकरीला; गावाहून सुट्टी संपवून येताना तिने माझ्याकडून तसाच एक जोड मागवला, गल्लीच्या तोंडाशी भिंतीच्या खाचेत ठेवला आणि हात जोडले.

"अक्का, हयसरच्या राखणदाराक मालवणी कळता?" मी विचारलं.

"वहाणो कळतत मां? झाला तर!"

मी हसलो.

आठवडाभरात हसू गेलं.

दुपारी झिंज झोपतं. शटर खाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त एसींची घरघर. ब्लाऊजची पिशवी घेऊन अक्का निघाली की मागून...

कर्र... कर्र...

कोऱ्या चामड्याचा आवाज.

ती थांबली की तो थांबायचा. वळून पाहावं तर गल्ली रिकामी. कडेच्या वाळूत पावलं फक्त तिची.

तिने हे भावजींना सांगितलं. तिथेच चुकलं. भावजींना आयतंच निमित्त मिळालं.

"खलास! सामान बांद. मआमीराक जावया."

"तुमी जावा. मी हयसरच ऱ्हवतलंय."

शेवटी महिनाअखेरीची मुदत पडली. तोवर आवाज बंद झाला नाही, तर खोली सोडायची.

दुसऱ्या दिवशी मी अक्काबरोबर निघालो. सोबतीला, असं तिला म्हणालो. खरं तर भावजींनी मला साक्षीला धाडलं होतं.

अर्ध्या गल्लीत पोचलो असू...

कर्र...

मी सरळ गनी वाण्याच्या दुकानाच्या, तिथल्या भाषेत कोल्ड स्टोअरच्या, बंद शटरला जाऊन चिकटलो. अक्का मात्र रस्त्याच्या मधोमध थांबली. पिशवी कमरेवर घेतली आणि वळली.

समोर कोणीही नव्हतं.

"लाज नाय वाटत तुका? बायलमाणसाच्या पाठसून चलतस! राखूचा आसात तर फुडे चल. नायतर माझ्यो वहाणो परत दी. रस्तो तुझ्या बापाशीचो नाय!"

एसी एकाएकी गप्प झाले.



मग... कर्र... कर्र...

आवाज तिच्या अंगाला घासून पुढे गेला. ओल्या चामड्याचा वास आला. आणि अक्का पदर खोचून, पालखीमागून निघावं तशी, त्याच्या मागून चालू लागली!

तिची भीती त्या दिवशी संपली. आवाज थांबला नाही, पण खोली सोडायचं कारण उरलं नाही; भावजींची मुदतही तिथेच बुडाली.

भावजी असे चिडले म्हणता! तडक गल्लीच्या तोंडाशी गेले आणि खाचेतल्या वहाणा ओढून काढल्या. महिनाही न झालेला तो जोड...

टाचा आरपार झिजल्या होत्या.

तरी त्यांनी मानलं नाही. "हयसर देव-बीव मफी! नाय म्हंजे नाय!" असं अरबी-मालवणीत म्हणत दोन्ही वहाणा कचऱ्याच्या पिंपात भिरकावल्या. "आता बघूया कोण चलता तां."

दुसऱ्या दुपारी अक्का निघाली.

आवाज पुढे होताच.

संध्याकाळी भावजी ड्युटीवरून आले. दारात बूट काढले आणि तिथेच मटकन खाली बसले. बुटांचे तळ गेले होते. दिवसभर हा माणूस टँकरच्या सीटवर, सित्रा ते मुहर्रक. चालला असेल तर चहाच्या टपरीपर्यंत.

नवे बूट घेतले. पंधरवड्यात तेच.

मग सँडल. तेच.

मआमीरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. एकदा मीच धीर करून विचारलं, "भावजी, पाय दुखतत?"

त्यांनी दोन्ही पाय मांडीखाली ओढून घेतले.

"दुपारी दुखतत," एवढंच म्हणाले.

तो राखणदार होता की आणखी कोणी, मला माहीत नाही. त्याने भावजींनाच का धरलं, तेही माहीत नाही. झोपण्यापूर्वी मी अजून माझ्या चपलांचे तळ उलटे करून बघतो. हसा खुशाल.

अक्का पुढे कैक वर्षं झिंजमध्येच राहिली. भर दुपारी, एकटी, कुणाला न विचारता हिंडली. खोलीचं भाडं तिने शिलाईतून दिलं.

चालण्याचं भाडं मात्र भावजींनी भरलं... चामड्यात.