बेचाळीस फूट पाण्याखाली

मी आता नव्वदीच्या पुढे आहे. या वयात भुताच्या गोष्टी रचून मला काय मिळणार? सांगतेय ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेही रात्री नव्हे, लख्ख सकाळी.

१८ डिसेंबर १९७१. शनिवार. आर्कान्साच्या डोंगरांतला आमचा तलाव.

तेव्हा हिवाळ्यात तलावावर चिटपाखरू नसायचं. थंडी पडली की बास मासे काठ सोडून खोल पाण्यात उतरतात, आणि बाकीचे पुरुष हरणांमागे जातात. उरायचे ते आमच्या डॉइलसारखे वेडे. डॉइल माझा धाकटा भाऊ. हर्शेल त्याचा जोडीदार. सोळा वर्षं दोघं एकाच होडीत. मी थर्मासमध्ये कॉफी भरून द्यायचे आणि ते भरल्या टोपलीनिशी, गोठलेल्या मिशांनी परत यायचे. मग माझ्या स्वयंपाकघरात मासे तळता तळता एकमेकांची टिंगल. तो वास मला अजून येतो.

माशांना आसरा हवा म्हणून ही मंडळी सीडरचं झाड तोडून, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधून तळाला सोडतात. जागा कुणाला सांगत नाहीत. बायकोलाही नाही. डॉइल आणि हर्शेलची जागा त्या दोघांनाच ठाऊक होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हर्शेल एकटाच झाड सोडायला गेला.

होडी वाहत आली. रिकामी.

ठोकळ्याची दोरी पायात अडकली असणार, असं सगळे म्हणाले. शेरीफने चार दिवस पाणबुडे उतरवले. झाडं कुठे सोडतात ते डॉइलनेच दाखवलं, धरणाच्या भिंतीजवळ. काही मिळालं नाही. आमच्याकडचं थंड पाणी प्रेत वर येऊ देत नाही.

हर्शेलची बायको ओनीटा चारही दिवस काठावर उभी होती. तिला पुरायला नवरा हवा होता. बाकी काही मागत नव्हती बिचारी.

त्या शनिवारी डॉइल म्हणाला, एकट्याने जायला नको वाटतं, तू चल. मी लहानपणापासून गळ टाकत आलेली. गेले.

होडी धरणाकडे वळलीच नाही. उलट दिशेला निघाली. डॉइल मान वळवून वळवून काठावरच्या खुणा जुळवत होता. चर्चचा मनोरा मोडक्या ओकच्या बरोबर मागे आला, पाण्याची टाकी नौकाघराच्या छपरावर आली, आणि त्याने इंजिन बंद केलं.

मला समजायला थोडा वेळ लागला.

"डॉइल, तुमची झाडं इथं आहेत?"

तो दोरीला शिशाचा चमकता गळ बांधत राहिला.

"मग शेरीफला धरणाजवळ कशाला नेलंस?"

"अगं आर्डिथ, त्याच्यामागे वीस होड्या होत्या. निम्मा जिल्हा बघायला आला होता. जागा कळली असती तर सोळा वर्षांची मेहनत आठवड्यात खलास."

"आणि हर्शेल?"

"तो काय आता जिवंत होणार आहे? एवढा हिवाळा जाऊ दे. मार्चमध्ये मासे काठाला गेले की मीच सांगतो. त्यानेही हेच केलं असतं. तो तर माझ्यापेक्षा चिकट होता."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता होडी वळव. तो म्हणाला, पाच मासे धरू दे, मग हवं तर सांग सगळ्या गावाला.

तीन मासे पटापट लागले. खोलातून आल्याने पोटं फुगलेली, डोळे बाहेर आलेले.

मग... सगळं थांबलं.

काठावरचे कावळे गप्प झाले. होडीवर आपटणारं पाणीही.

होडीत खोली दाखवणारं यंत्र होतं. गोल तबकडी, त्यावर लाल रेघ. बेचाळीस फुटांवर तळाची रेघ. पस्तिसाला झाडांची.

आणि तिसावर... एक नवी रेघ.

"मोठा आहे," डॉइल कुजबुजला. "वर येतोय."

पंचवीस.

वीस.

मी पाण्यात पाहिलं. स्वच्छ पाणी, वीस फुटांपर्यंत सहज दिसणारं. तिथे काहीही नव्हतं.

बारा.

डॉइलने गळ खाली सोडला. दोरी ताणली गेली. माशाची ती धडपड नाही, झटका नाही. नुसतं वजन. मग तीन हिसके... सावकाश. गाठ पक्की बसली का ते बघावं, तसे.

दोरीचा एक वेढा त्याच्या हातमोज्यावर पडला. दुसरा कसा पडला ते मला दिसलं नाही.

"काप," तो म्हणाला.

चाकू माझ्या हातात होता. मी वाकले, आणि तो समोर नव्हताच. पाणी उडालं नाही. आवाज झाला नाही.

तबकडीवरची लाल रेघ खाली चालली होती.

वीस. तीस. बेचाळीस.

तळ बेचाळीसवर होता. रेघ थांबली नाही... साठ. सत्तर. मग तबकडीच संपली.

शेरीफला या वेळी जागा मी दाखवली. मनोरा ओकच्या मागे, टाकी छपरावर. तासाभरात हर्शेल सापडला. घोट्याला ठोकळ्याची दोरी होती. आणि मुठीभोवती नवी कोरी मासेमारीची दोरी, सात वेढे. डॉइलची. पाणबुड्यांनी ती ओढून काढली... दुसरं टोक रिकामं आलं.

डॉइल सापडला नाही. आजतागायत नाही.

ओनीटाने नाताळच्या आदल्या दिवशी हर्शेलला पुरलं. मी गेले होते. तिने माझा हात धरला आणि शांतपणे सांगितलं, "चौथ्या दिवशी मी डॉइलला विचारलं होतं, जागा नक्की हीच ना? त्याने माझ्या डोळ्यांत बघून शपथ घेतली. खोटं मला कळतं गं. त्या संध्याकाळी मी पाण्याशी जाऊन हर्शेलला सांगितलं, तो येईल तेव्हा सोडू नकोस."

मी तिच्याशी तीस वर्षं बोलले नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र गेले. म्हटलं, ओनीटा, आता पुरे. हर्शेलला सांग, माझ्या भावाला वर येऊ दे. मलाही काहीतरी पुरायचंय.

तिने डोळे मिटून घेतले.

"पहिल्याच वसंतात सांगितलं," ती म्हणाली. "दर वर्षी सांगते. तो ऐकत नाही."