चकतीबाहेरचे तारे

हिंजवडीची शेअर कॅब वाकडच्या पुलाखाली अडकली ती अडकलीच. तनुजाच्या शेजारी एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. स्क्रीनवर एक लांबट, चमकती रेघ... आणि तिच्या बऱ्याच वर निळसर ठिपके.

"स्क्रीनवर धूळ बसलीय," ती न राहवून म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांत हसू. "धूळ नाही, तारे आहेत."

तो निमिष, दीर्घिकांचा अभ्यासक. ही दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची पसरट चकती. कडेनं दिसते म्हणून रेघेसारखी. तारे जन्मतात ते चकतीतच, कारण वायू दाट असतो तो तिथंच.

"मग हे वर कसे गेले?"

"गेले नसावेतच. इतके तरुण आहेत, की चकतीतून इथवर यायला त्यांचं वय पुरत नाही."

"म्हणजे जन्मलेच तिथं? एवढ्या विरळ जागी?"

"तेच तर शोधतोय."

"आणि कुणी जोरात भिरकावले असतील तर?"

निमिष तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही काय करता?"

"गाड्यांची दारं डिझाइन करते."

"बरंय. माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी हाच भिरकावल्याचा प्रश्न विचारला तेव्हा घाम फुटला होता मला!"

ट्रॅफिक सुटलं, आणि ते सुटल्याचं तनुजाला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

मग वाकडची कॉफी झाली, रावेतला पवनेकाठच्या संध्याकाळी झाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "चिलीच्या वेधशाळेत निवड झालीय... दोन वर्षं."

"छान," एवढंच म्हणून ती स्कूटर काढून निघाली.

घरी तिचे वडील, आबा, वाट बघत होते. "तने, रविवारी चाकणची मानसं येत्यात तुला बघाया."

"आबा... मला एक जण आवडतो. पण तो चिलीला चाललाय."

"त्याला ठावं हाय का?"

"नाही."

"मग मला काय सांगतीस? त्याला सांग की!"

ती तशीच माघारी फिरली. निमिष अजून नदीकाठीच बसला होता.

"तू जा," ती धापा टाकत म्हणाली. "पण... मला विचारून जा."

तो उठून उभा राहिला. "तनुजा, माझ्याशी..."

"हो."

"अगं, प्रश्न पुरा तर होऊ दे!"

"नको. तुम्हा अभ्यासकांचे प्रश्न फार वर्षं चालतात."