मागचं डावं चाक

टायर केव्हा बदलायचा हे मी आगकाडीनं ठरवतो. काडी टायरच्या खाचेत उभी धरायची. काडीचा गुल बुडाला तर चाक अजून धावेल. गुल वर दिसला की बदलायचं, मग ठेकेदार कितीही बोंबलो. चिचगडला तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप मी सहा वर्षं चालवतो आहे. माझी बायको जमुना हसायची. “चूल पेटवाले काडी नाही, अन् तुमी टायरले दाखवून राहिले!”

तीन वर्षांपूर्वी, चोपन्न सालच्या उन्हाळ्यात, मागच्या डाव्या चाकाचा गुल वर दिसत होता. अजून एक फेरी निघेल, म्हटलं. त्याच दिवशी जमुनाला कळा सुरू झाल्या. गोंदियाच्या दवाखान्याकडे निघालो. वळवाची सर येऊन गेली होती. देवरीच्या अलीकडे, लाल मुरमाच्या वळणावर, ते चाक फुटलं आणि जीप कलंडली. जमुना डावीकडेच बसली होती. दवाखाना तिनं पाहिलाच नाही. चूक माझी. ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

यंदा पावसाळ्यात रस्ते बंद झाले तशी दरवर्षीसारखी जीप शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवली. चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर, किल्ली माझ्या कमरेला. तरी दर रविवारी काडी लावायचो. घरी बोलायला कुणी नव्हतं, रविवार जाता जात नसे.

श्रावणात वाटलं, मागचं डावं झिजलं आहे. डोळ्यांचा दोष, म्हटलं. भाद्रपदात निम्मा गुल दिसू लागला. बाकीची तीन चाकं जशीच्या तशी. टायरच खराब निघाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खराब टायर तडकतो. अधांतरी झिजत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गुल पूर्ण वर आला. काडी माझ्या हातातच होती, तेवढ्यात शेजारचा बिसराम धावत आला.

“छोटेलालभाऊ, आमच्या सुनेले, धनवंताले, कालपासून कळा येऊन राहिल्या. सुईणीनं हात टेकले. गोंदियाले न्या.”

“आधी चाक बदलतो.”

“आता कायले? टाइम नाही ना, भाऊ!”

“बदलल्याशिवाय नेत नाही!” मी ओरडलो. ते चाक काढून शेडच्या भिंतीला टेकवलं, नवी स्टेपनी चढवली, जीप ठोकळ्यांवरून उतरवून बाहेर काढली, शेडला कुलूप लावलं.

धनवंता डावीकडे बसली. मी जीप सुरू केली.

देवरीच्या अलीकडचं ते वळण आलं.

मागे, खूप लांब, काहीतरी फुटलं.

“काऊन, चाक गेलं का?” बिसराम म्हणाला.

उतरून पाहिलं. चारही चाकं नीट होती. वळण मागं पडलं.

दुपारी दवाखान्यात धनवंताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बिसराम तिथंच थांबला. मी एकटाच परतलो आणि दिवस मावळायच्या आत शेडचं कुलूप काढलं.

भिंतीला टेकवलेलं चाक आडवं पडलं होतं. टायर फाटला होता.

फाटीत लाल मुरूम होता. ओला. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते.

मी हात लावला. लांबून आलेल्या चाकासारखा टायर गरम होता.

“दवाखान्यात पोचली का, जमुने?” मी विचारलं, आणि तिथंच खाली बसलो. टायर थंड होईपर्यंत हात काढला नाही.